वरच्या बाई आणि त्यांचे चेअरमन

सई, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, मला कुत्रा पाळायचाय. पण महिन्यातले निम्मे दिवस मी विमानात नाहीतर हॉटेलात असते. आई म्हणते, असल्या नोकरीत कुत्रा पाळणं म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल. तुला काय वाटतं?" मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायला बसले आणि उत्तर सुचण्याऐवजी वरच्या बाईच डोळ्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणून उत्तर बाजूला ठेवून त्यांच्याबद्दलच लिहिते. निहारला वाचून दाखव. त्याला मराठी अक्षरं जुळवायला वेळ लागतो आणि मग तो कंटाळतो.

तुम्ही दोघा भावंडांनी त्यांना पाहिलंय. एका सुट्टीत निहारचा पायजमा दोन दिवस सापडत नव्हता आणि शेवटी तो वरच्या मजल्यावर एका कुत्र्याच्या अंगाखाली निघाला, ते आठवत असेल. त्याच त्या बाई. ठेंगण्या, केस कानापर्यंत कापलेले, अंगात खिसेवाला कुर्ता आणि पायांत पोलादी टोपीचे जाड सेफ्टी बूट. बाईमाणसाच्या दाराबाहेर असे बूट बघून आपली दूधवाली म्हणाली होती, "अक्का, वर पोलीस राहायला आलेत का?"

आपलं कोरमंगलाचं घर तुमच्या आजोबांनी बांधलं तेव्हा समोर नाचणीचं शेत होतं. आता समोर मुलींचं पीजी आहे, पीजीखाली मोमोचं दुकान आहे आणि दुकानापुढे रात्रंदिवस स्कूटर. वरचा मजला आम्ही पहिल्यापासून भाड्याने देत आलो. आजोबा गेल्यावर मी एवढंच ठरवलं होतं की भाडेकरू एकटा असावा, शांत असावा आणि घरात जनावर नसावं. बाई घर बघायला आल्या तेव्हा मी तेच विचारलं.

"एकटीच आहे," बाई म्हणाल्या.

"जनावर वगैरे?"

"छे छे. चेअरमन आहेत फक्त."

मला वाटलं, कंपनीच्या वरिष्ठांबद्दल काहीतरी बोलताहेत, ते कधीमधी भेटायला येत असतील. मी इथल्या कानडी रीतीने "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि किल्ली दिली.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मी अंगणात पूजेची फुलं काढत होते आणि वरून आवाज आला. "अहो, मी निघाले बरं का. ईरोडला चाललेय. शुक्रवारी परत. दोन्ही वेळ नीट जेवा आणि उगाच दारात बसून राहू नका." मग जिना उतरल्याचा आवाज, मग पुन्हा चढल्याचा. "अहो, ऐकलंत ना? शुक्रवारी."

माझ्या हातातली जास्वंद हातातच राहिली. एकटी म्हणून घर दिलं आणि वर नवरा! दुपारी मी पातळ बदलून, चष्मा लावून, कराराची प्रत घेऊन वर गेले. दार एका अनोळखी मुलीने उघडलं. तिच्या मांडीएवढ्या उंचीचा, तपकिरी रंगाचा, एक कान पडलेला गावठी कुत्रा तिच्या मागून माझ्याकडे बघत होता.

"तू कोण?"

"मी बदली आहे, आंटी."

"कुणाच्या बदली?"

"मॅडमच्या. त्या टूरवर आहेत ना."

"आणि यांचे ते? घरातले?"

मुलीने मागे वळून कुत्र्याकडे पाहिलं. "हेच की. चेअरमन."

शुक्रवारी बाई परतल्या तशी मी जिन्याच्या तोंडाशीच उभी होते. मी म्हटलं, "अहो, करारात एकच माणूस लिहिलाय."

"होय की अक्का. एकच असतो. मी असले की मी, मी नसले की बदली. दोघी एकदम कधी बघितल्यात?"

"आणि हा कुत्रा?"

"कुत्रा म्हणू नका, त्यांना समजतं." त्यांनी आवाज खाली आणला. "करारात 'अ‍ॅनिमल्स' लिहायचं राहिलंय बघा. मी दोनदा वाचला." आणि त्यांनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला.

तो करार मी स्वतः टाइप केला होता. इतकी वर्षं ऑफिसात साहेबांची इंग्रजी पत्रं मी दुरुस्त करून देत असे, आणि माझ्याच मसुद्यात या सांगलीकडच्या बाईने पळवाट काढली. मला कुत्र्यापेक्षा त्याचाच राग आला. पेढे मात्र चांगले होते.

त्यांचं काम दुधाचं होतं, पण दूध काढण्याचं नाही. दूध तापवून झटकन थंड करणारी, पिशव्यांत भरणारी मोठमोठी यंत्रं त्यांची कंपनी बनवते. ती एकदा डेअरीत जाऊन बसली की सुरू कशी करायची, हे बघायला या बाई जात. कधी ईरोड, कधी नांदेड, कधी सिलिगुडी. यंत्र पहिल्यांदा नीट धडधडलं की यांची बॅग भरलेली. "सुरू करणारे वेगळे असतात, अक्का, आणि चालवणारे वेगळे," असं त्या नेहमी म्हणत. यंत्राच्या बाबतीत म्हणत, लग्नाच्या बाबतीत म्हणत आणि माझ्या भाजीच्या वाफ्याबद्दलही म्हणत, कारण तो त्यांनीच एका रविवारी खणून दिला होता आणि नंतर एकदाही पाणी घातलं नव्हतं.

यंत्र ऐकायची त्यांची एक रीत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग खराब असेल तर तिथे कुरकुर ऐकू येते म्हणे. माझ्या मिक्सरचं, फ्रीजचं, पाण्याच्या पंपाचं, सगळ्यांचं त्यांनी असं ऐकलं. एकदा मी गुडघा धरून बसले होते तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जवळ आल्या. मी म्हटलं, "खबरदार."

चेअरमन त्यांना भेटले ते अशाच एका डेअरीत. सहकारी डेअरी, कृष्णाकाठची. तिथे चेअरमनसाहेबांची गाडी फाटकातून आली की हा कुत्रा पुढे चालत ऑफिसापर्यंत जाई, आणि साहेब मीटिंगला बसले की दारात बसून आत कुणाला सोडायचं ते ठरवी. लोकांनी त्यालाच चेअरमन म्हणायला सुरुवात केली. पुढे निवडणूक झाली, साहेब पडले, नव्या साहेबांनी फाटकावरचा कुत्रा हाकलायला सांगितला. बाई त्या दिवशी यंत्र सुरू करून निघायच्या तयारीत होत्या. "पदावरून काढलेल्या माणसाला असं रस्त्यावर सोडणं बरं दिसत नाही," म्हणून त्यांनी त्याला जीपमध्ये घातलं. वयाने मोठा आणि पदावर राहिलेला, म्हणून कायम 'अहो'. त्या स्वतःच्या भावालाही अरे-तुरे करत, पण चेअरमनना कधी एकेरी हाक मारली नाही.

आता तुझी आई जे म्हणते ते त्यांनाही सगळे म्हणत. ऑफिसातले म्हणत, पीजीतल्या मुली म्हणत, मीही म्हटलं. त्या शांतपणे ऐकून घेत. सुरुवातीला एकदा त्यांनी चेअरमनना सर्जापूर रोडच्या पलीकडे कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवलं होतं. तिथे पंखे होते, गाद्या होत्या, संध्याकाळी फोटोही यायचे. परत आल्यावर चेअरमन बरेच दिवस भुंकलेच नाहीत. "हॉटेल ते हॉटेलच, अक्का. मला विचारा," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचा नियम झाला की चेअरमन घर सोडणार नाहीत. जायचं तर माणसाने जायचं, आणि त्या जागी दुसऱ्या माणसाने यायचं.

पैसे देऊन माणूस ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. ज्याला घराची गरज आहे त्यालाच त्या शोधत, आणि या कोरमंगलात अशा लोकांना तोटा नाही. पीजीत एका खोलीत तिघीचौघी, मग परीक्षेचा अभ्यास करणारी एखादी मुलगी बदली. दोड्डम्मा म्हणून एक बाई येत. सुना, नातवंडं, पाहुणे यांनी घर भरलेलं. त्यांना फक्त झोपायचं होतं. त्या येत, चेअरमनना भात घालत आणि दोघंही दुपारभर झोपत. आणि एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांना बासरी शिकायची होती आणि घरी बायको म्हणे, एक तर बासरी नाहीतर मी. ते वर येऊन वाजवत. चेअरमनना बासरी आवडे की नाही ठाऊक नाही, पण ते कधी उठून गेले नाहीत. खाली बसून मी मात्र पुष्कळदा उठून गेले.

मुलाखत चेअरमन घेत. उमेदवाराला जमिनीवर बसवायचं आणि बाईंनी आत कॉफी करायला जायचं. कॉफी येईपर्यंत माणूस चेअरमनशी बोलायला लागला तर पास. फोन बघत बसला तर कॉफी पाजून निरोप. मोठ्या पगाराचा एक तरुण इंजिनिअर असा नापास झाला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी डॉग लव्हर आहे." बाई म्हणाल्या, "असाल हो. पण यांना तसं वाटलं नाही."

एकदा त्यांनी माझीही मुलाखत घ्यायचा घाट घातला होता. मी सांगितलं, "मला जनावराच्या केसांचा त्रास होतो, आणि जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसं लागतात." त्यानंतर विषय निघाला नाही.

दौऱ्यावर निघताना लोक कुत्र्यापासून बॅग लपवतात. यांची बॅग हॉलच्या मधोमध वर्षभर उघडी पडलेली असे आणि चेअरमन त्यात झोपत. बॅग म्हणजे निरोप असं त्यांना वाटूच द्यायचं नाही, हा त्यामागचा विचार. त्यामुळे बाईंच्या प्रत्येक कुर्त्यावर तपकिरी केस असत आणि डेअऱ्यांच्या स्वच्छ, टाइल लावलेल्या यंत्रघरांत शिरताना त्यांना आधी अंगावर चिकटपट्टी फिरवून घ्यावी लागे. पण जाताना चोरून जायचं नाही. चेअरमनसमोर मांडी घालून बसायचं आणि कुठे चाललो, कशाला, कधी येणार हे खरं-खरं सांगायचं. विमान लांबलं तर बदलीला फोन करून तिच्याकडून निरोप द्यायचा. "ते बिचारे तारखा मोजतात का?" मी एकदा विचारलं. "ते नसतील मोजत. पण खोटं बोललं की माझा आवाज बदलतो, आणि तो त्यांना ऐकू येतो."

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, नाहीतर सई, तू डोळे पुसत वाचशील. चेअरमन पुष्कळ म्हातारे होऊन गेले, बाईंच्या मांडीवर, दुपारचं जेवून. बाई निवृत्त होऊन भावाजवळ सांगलीला राहतात आणि दर गौरीला मला फोन करतात. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यात कुणी मरत नाही. तरी बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो काळ हाच.

चेअरमनची नजर गेली. आधी संध्याकाळी ठेचकाळू लागले, मग दिवसाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हे आतलं आहे. बाईंना वाटलं, नाक आहे, कान आहेत, निभेल. बदलीला सगळं समजावून त्या बिहारमधल्या एका डेअरीत गेल्या. दुसऱ्या दिवशी बासरीवाले गृहस्थ धापा टाकत खाली आले. "अक्का, चेअरमन पलंगाखाली गेलेत. खात नाहीत, पाणी नाही. मी हात घातला तर चावले." रक्त आलं नव्हतं, पण त्यांच्या बासरी धरायच्या बोटावरच दात उमटले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या जागी दोड्डम्मा आल्या तर त्यांनाही तेच. पीजीतली मुलगी रडत परत गेली.

बाई अर्धं काम टाकून परतल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बंद यंत्र मागे सोडलं होतं. कंपनीने सांगितलं, दौरे जमत नसतील तर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसात टेबलावर बसा, नाहीतर स्पष्ट सांगा. कुणीतरी सुचवलं, चेअरमनना एखाद्या फार्महाउसवर देऊन टाका. बाई त्या माणसाशी पुन्हा बोलल्या नाहीत. टेबल घेतलं.

ते महिने मी विसरणार नाही. रोज सकाळी ऑफिसच्या बसने जायचं, लांबलचक उड्डाणपुलावरून संध्याकाळी परत. सेफ्टी बूट दाराबाहेर धूळ खात पडले. दिवसभर त्या दुसऱ्यांनी सुरू केलेल्या यंत्रांचे कागद तपासत. पेढे येणं बंद झालं. एकदा माझ्याकडे कॉफीला आल्या, फ्रीजवर कान टेकवून डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगला चाललाय," आणि अशा काही उसासल्या की मला वाटलं, निदान फ्रीज तरी बिघडायला हवा होता.

"किती दिवस असं चालणार?" मी विचारलं.

"ते आहेत तोवर."

"आणि तुम्ही?"

"मी काय, अक्का. मी अर्धवट सुरू आहे म्हणायचं."

आणि तरी वर सगळं ठीक नव्हतंच. बाई रोज घरी होत्या, परका कुणी नव्हता, आणि चेअरमन तरीही पलंगाखालून निघत नव्हते.

मी खाली राहते. वरचं मला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. आणि एक आवाज मी पहिल्या वर्षापासून ऐकत होते: बाई दौऱ्यावरून आल्या की त्या संध्याकाळी वर सरकवासरकव. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला, कपाट खिडकीपाशी, टेबल हॉलमध्ये. मी एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाल्या होत्या, "हॉटेलात सगळं भिंतीला ठोकलेलं असतं हो. घरी आल्यावर काहीतरी हलवलं नाही तर घरी आल्यासारखं वाटत नाही." आता दौरे नव्हते, पण हात गप्प बसत नव्हते. रोज संध्याकाळी काही ना काही हलत होतं. आधी लाकूड ओढल्याचा लांब आवाज, मग थोड्या वेळाने छोटासा, बोथट 'धप्'. मग शांतता.

त्या शनिवारी तो 'धप्' ऐकला आणि मी हातातलं निवडणं तसंच ठेवून वर गेले.

"काय हलवलंत आत्ता?"

"मी? काही नाही. ते बुटांचं कपाट स्वल्प इकडे घेतलं." इतक्या वर्षांत आमच्याकडचे शब्द त्यांच्या बोलण्यात शिरले होते.

"आणि लगेच त्यांचं नाक आपटलं."

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. पलंगाखालून चेअरमनचा पडका कान तेवढा दिसत होता.

"अहो, माणसं परकी म्हणून नाही घाबरले ते. तुम्ही बिहारला जाण्याआधी काय काय हलवलं होतंत?"

त्या बोटांवर मोजू लागल्या. "पलंग," म्हणाल्या. "आणि टेबल. आणि त्यांचं पाण्याचं भांडं." सेफ्टीच्या टोप्या घालून मोठमोठ्या कारखान्यांत लोकांना शिकवणारी बाई, आणि ही गोष्ट कानाशी असून ऐकू आली नव्हती. अशा वेळी माणसाला आणखी सांगायचं नसतं.

त्यांनी ठरवलं, आता काही हलवायचं नाही. चार दिवस निभलं. पाचव्या दिवशी खालून मला लाकडाचा आवाज आला आणि मी छताकडे बघून ओरडले, "बाई!" वरून ओशाळलेला आवाज आला, "ठेवते, ठेवते परत." पण परत म्हणजे नक्की कुठे, हे त्यांनाही आठवत नसे.

तोडगा मी काढला नाही, सई, बाईंनीही काढला नाही. चेअरमननी काढला. एका सकाळी दार उघडं राहिलं आणि ते भिंतीला अंग घासत, एकेक पायरी हुंगत खाली उतरले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी ओट्याशी होते. माझं घर तुम्हाला माहीत आहे. तुझा बाबा थट्टा करतो की आमच्याकडे पाहुणा आला तर त्यालाही फडताळात जागा नेमून देतात. आजोबांची खुर्ची जिथे होती तिथेच आहे, डबे उंचीप्रमाणे, पायपुसणं दाराच्या रेषेत. सकाळी पूजेची घंटा, मग फिल्टरची कॉफी, मग कुकर, त्याच क्रमाने. चेअरमन नाक वर करून उभे राहिले. मग आत आले. टेबलाच्या पायाशी जरा थांबले, त्याला वळसा घातला, भिंतीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा तसेच गेले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला वळसा घालताना त्यांनी टेबलाला नाकही लावलं नाही. मग माझ्या पायांपाशी धपकन अंग टाकलं आणि मोठा श्वास सोडला.

मी पाय मागे घेतला नाही. का ते मला अजून सांगता येत नाही.

बाई धावत खाली आल्या. "अक्का, सॉरी हं, अहो, चला वर..." चेअरमन हलले नाहीत.

"राहू दे," मी म्हटलं. "घंटा व्हायची आहे."

रोज तेच होऊ लागलं. मग त्यांचं भांडं खाली आलं, मग दहीभाताची वाटी. मी केस झाडायला एक जुना कुंचा घेतला, त्याची जागा दाराच्या मागे. बदल्यांना सांगितलं की आता यायचं तर इथे बसायला या, वस्तूंना हात न लावता. दोड्डम्मा माझ्या हॉलमध्येच झोपू लागल्या. बासरीवाल्यांना मी अंगणात वाजवायला सांगितलं, आणि चेअरमन दारापर्यंत जाऊन ऐकत.

बाई हे सगळं बघत होत्या आणि दौऱ्याचं नाव काढत नव्हत्या. शेवटी मीच काढलं.

"सिलिगुडीचं यंत्र कुणी सुरू केलं?"

"झालं नाही अजून. दोघं जाऊन आले. कुरकुरतंय म्हणे."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"अक्का, तुम्हाला केसांचा त्रास होतो."

"होतो. शिंकते. तुम्ही जा."

"तुम्ही जमिनीवर बसत नाही."

"ते उठून येतात माझ्याकडे. तुम्ही म्हणता ना, चालवणारे वेगळे असतात? मग मी चालवते. तुम्ही सुरू करून या."

निघायच्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी आली. बाई घासून लख्ख केलेले बूट घालून खाली आल्या. चेअरमन टेबल आणि भिंतीच्या मधल्या आपल्या जागी झोपले होते. बाई त्यांच्यापुढे मांडी घालून बसल्या. "अहो, सिलिगुडीला चाललेय. लांब आहे. विमानाने जाणार. यंत्र कुरकुरतंय. पुढच्या बुधवारी येते." चेअरमन घोरत होते. बाईंनी जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं. कान हलला, डोळे उघडले नाहीत. त्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"अक्का, उठवू का? आजवर एकदासुद्धा मी सांगितल्यावर झोपून राहिले नाहीत. दारापर्यंत यायचे. मग माझं पाऊल निघायचं नाही."

"झोपू दे."

"रुसलेत का?"

"रुसलेला कुत्रा घोरतो का?"

त्या पहिल्या शुक्रवारनंतर मी पहिल्यांदाच चेअरमनना कुत्रा म्हटलं होतं, आणि बाईंच्या लक्षात आलं नाही. त्या चेअरमनकडे बघत उभ्या होत्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्हा मुलांना विमानतळावर सोडलं आणि तुम्ही मागे न बघता आत पळालात, की माझ्या चेहऱ्यावर जे येत असेल तसं काहीसं. वाईट वाटलेलं, आणि सुटल्यासारखंही.

"म्हणजे त्यांना आता मी गेले तरी चालतं," त्या म्हणाल्या.

"चालतं."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. "मेडम, एअरपोर्ट लेट आगत्ते!"

"बंदे, बंदे, आलेच," बाई ओरडल्या, तोंडावर हात फिरवला, बॅग उचलली आणि गेल्या. गाडीची काच खाली करून त्यांनी मागे पाहिलं, पण उतरल्या नाहीत. गाडी मोमोच्या दुकानापाशी वळली.

मी फाटक लावून आत आले. चेअरमन उठले होते. त्यांनी नाक दाराकडे करून थोडा वेळ हवा हुंगली. मग टेबलाला वळसा घालून, कशालाही न आपटता, आपल्या भांड्यापाशी गेले, पोटभर पाणी प्यायले आणि ओट्यापाशी येऊन बसले. कुकरची वेळ झाली होती.